सहीवाचून राहिलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या तोंडावरची अक्षरं उलटी आहेत आणि आता त्यांना चिराही पडल्या आहेत. तरी आरशासमोर धरलंत तर 'सत्यप्रत' एवढं वाचता येईल. त्याखाली प्राचार्यांचं पद आहे.

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका बोळात माझा जन्म झाला. कारागिरानं रबर कोरलं, सागवानी मुठीला चिकटवलं आणि मी रेणुकादास सरांच्या घरच्या टेबलावर आलो. सर एका ज्युनिअर कॉलेजचे प्राचार्य. त्या काळी कुठलाही फॉर्म भरायचा तर गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर माझा ठसा आणि खाली सरांची सही लागायची. त्याशिवाय तो कागद रद्दीच. काय रुबाब होता माझा!

भूकंप झाला त्या साली किल्लारीकडून शरणम्मा नावाची बाई आपल्या मुलीला घेऊन आली. हातात शाळेच्या दाखल्याची एकच चुरगळलेली झेरॉक्स. "सर, घर, दाखला, समदं मातीत गेलंय. हेवढंच हाय," ती म्हणाली. मूळ कागद पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही असा नियम आहे. सरांनी त्या मुलीकडे बराच वेळ पाहिलं.

"मूळ कागद ढिगाऱ्यात असू दे. मूळ पोरगी तर समोर उभी आहे," असं म्हणून त्यांनी मला उचललं. मला सरांचा फार अभिमान वाटला.

सरांची मुलगी मालविका तेव्हा बारा वर्षांची होती. ती तिथंच बाकावर बसून हे सगळं पाहत होती. जमीन का हलते, हे एकच खूळ तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं.

पुढे लातूरचं नाव गाजू लागलं. गल्लोगल्ली क्लास निघाले, उदगीर-नायगावहून पोरं खोल्या करून राहू लागली. निकाल लागला की सरांच्या दारात रांग लागायची. एका विषयात नव्वद आणि दुसऱ्यात पन्नास अशी पोरं मान खाली घालून उभी असायची. सर त्यांना समजावायचे, की तीन फॉर्म भरा. एक मनातला, एक मार्कांच्या बेताचा, एक घराजवळचा. मग तिन्हींवर माझा ठसा. त्या दिवसांत माझं अंग शाईनं भिजलेलं असायचं.

अठ्ठ्याण्णव साली मालविकाचा बारावीचा निकाल लागला. जीवशास्त्रात चौऱ्याण्णव, रसायनात पंच्याऐंशी, भौतिकशास्त्रात एकसष्ट. सरांची मुलगी मेडिकललाच जाणार, हे अख्ख्या गल्लीनं आधीच ठरवून टाकलेलं. मालविकानं टेबलावर दोन फॉर्म ठेवले. एक मेडिकलचा, दुसरा नांदेडला भूगर्भशास्त्र शिकण्याचा. सरांनी पहिल्यावर मला उमटवलं आणि दुसरा बाजूला सारला.

"फेरमोजणीत मार्क वाढतील," ते म्हणाले. "आत्ताच दुसरा फॉर्म भरलास तर लोक म्हणतील, सरांनीच हाय खाल्ली."

लोकांच्या पोरांना तीन-तीन फॉर्म भरायला लावता आणि घरच्या पोरीला एकच का, असं तिची आई प्रेमलाबाई दारातून म्हणाल्या. सरांनी मला खणात टाकलं. दुसऱ्या कुणा साहेबाकडून शिक्का मिळाला असता. पण प्राचार्यांची मुलगी परक्याच्या रांगेत उभी राहिली तर बापाची शोभा होईल, म्हणून मालविका गेली नाही.

नांदेडच्या फॉर्मचा शेवटचा दिवस शनिवार होता. सर कॉलेजात गेलेले. मालविकानं खण उघडला, मला उचललं आणि गुणपत्रिकेच्या नकलेवर दाबलं. ठसा सुरेख उठला. खाली सहीची जागा कोरी होती. वडिलांची सही तिला हुबेहूब जमत होती. तिनं पेनाचं टोपण काढलं, खूप वेळ तशीच बसली आणि टोपण परत लावलं. कागद घडी करून तिनं वहीत ठेवला. मी नुसतं रबर आहे, मला सही करता येत नाही. त्या दिवशी याचं मला फार वाईट वाटलं.

फेरमोजणीत एकसष्टचे एकसष्टच राहिले. मेडिकलच्या यादीत तिचं नाव आलं नाही. एक वर्ष क्लासमध्ये गेलं, चार मार्क वाढले, तेही पुरले नाहीत. मग डी.एड. करून ती नायगावला शिक्षिका झाली. पोरांचा तिच्यावर फार जीव. पण भूकंपाचा धडा आला की ती त्यांना म्हणते, हा तुमचा तुम्ही वाचा.

पुढे शिक्क्यांची गरजच संपली. आपल्या नकलेवर ज्याची त्यानंच सही करायची असं सरकारनं ठरवलं आणि मी खणात वाळत पडलो.

परवा मालविका माहेरी आली होती. तिचा मुलगा अनय यंदा बारावी झाला, मार्क आईसारखेच वरखाली. त्याचे तीन फॉर्म भरून झाले होते. जुनी कागदपत्रं चाळताना तो घडीचा कागद सरांच्या हाती लागला. जांभळा ठसा अजून स्पष्ट होता. ऐंशी वर्षांच्या सरांनी पेन मागितलं आणि कोऱ्या जागी सही केली.

मालविकानं कागद हातात घेऊन पाहिला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तारीख गेली."

मित्रांनो, माझी निगा राखू नका, माझे दिवस सरले. पण तुमच्या घरात कुणी दुसरा फॉर्म घेऊन उभं असेल, तर त्या शनिवारच्या आत सही करा.