बेलखेडीची पहिली फेरी

अरुंधतीबाईंना बोटींच्या उद्घाटनाला बोलावलं, तिथेच आयोजकांचं गणित चुकलं. बाईंनी उभा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर त्या गळ्यात दुर्बीण अडकवून तळी पालथी घालत होत्या. एक शाल, एक नारळ दिला की पक्षीवाल्यांची तोंडं बंद होतील, असा रुपराव ठेकेदाराचा हिशेब. घ्या आता!

नागपुरात जानेवारीत कोवळं ऊन पडलं की रविवारी घरात बसतो कोण? सीताबर्डीहून तासाभरात बेलखेडीचा तलाव. रुपरावांनी तिथे तंबू ठोकले, सावजी जेवणाचा मंडप घातला आणि मोटरबोटी आणल्या. लोकांनी हौस करावी, बाईंची काही ना नव्हती. काठावर तर्री-पोहे खा, तंबूत लोळा, वल्ह्याची नाव चालवा. पण मोटरबोटी जाणार होत्या पलीकडच्या उथळ पाण्यात, आणि तिथेच पट्टकादंब उतरले होते. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हे हंस हिमालय ओलांडून येतात. मधली दोन वर्षं फिरकले नव्हते, यंदा आले. एकदा का बोटींची घरघर सुरू झाली की उठले म्हणून समजा, आणि मग कुठले परत येतात!

वनखात्याने परवानगी दिली होती, कारण नोंदीत या तलावावर हंसच नव्हते. असणार कसे? पक्षीमंडळ गणना करतं नोव्हेंबरात, पक्षी सप्ताहात. तेव्हा बॅनर असतो, नाश्ता असतो, फोटो निघतात. हंस येतात डिसेंबर सरता सरता. बाई दर वर्षी बैठकीत डोकं फोडायच्या, की अरे, वऱ्हाड यायच्या आधीच पानं मोजून काय मिळणार? मंडळ हसायचं आणि पुढल्या नोव्हेंबरच्या टोप्या छापायला द्यायचं.

तर नारळ फुटला, फीत कापली गेली. प्रमुख पाहुण्यांनी पहिली फेरी मारल्याशिवाय दुसऱ्या कुणी चढायचं नाही, हा तर आपल्याकडचा रिवाजच. त्यात धक्क्याला एकच बोट लागायची, बाकीच्या तिच्यामागे अडकलेल्या. बाई बोटीत बसल्या, बुडू न देणारं तांबडं जॅकेट चढवून पट्टे आवळले आणि बोटवाल्या शालिकरामकडे किल्ली मागितली. बाईंना चालवायची हौस आली वाटतं, म्हणून त्याने दिलीही. ती पर्समध्ये गेली आणि पर्स मांडीवर आली. ही बोट सुटणार नाही आणि मी उतरणार नाही, असं बाईंनी वर्गात गृहपाठ सांगावा तशा सुरात सांगून टाकलं.

रुपराव आधी हसले, मग हात जोडले, मग आवाज चढला. तलाव काय तुमच्या बापाचा आहे का, इथवर गाडी आली. तुमच्याही नाही, एवढंच बाई म्हणाल्या. आत्ताच शाल घालून सत्कार केलेल्या म्हातारीला दंडाला धरून ओढायची कुणाची छाती? ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल.

"साहेब, तुम्ही काहून चूप आहे?" रुपराव वनाधिकाऱ्यावर घसरले. "तुमच्या सहीचा कागद आहे ना माह्याजवळ! उतरवा या बाईंले."

वनाधिकारी सुमंत हा बाईंचाच विद्यार्थी. बाईंना सगळ्यात जास्त राग त्याचाच आला होता. याला आपण शिकवलं आणि हा डोळे मिटून सह्या करून राहिला! त्याचा पडलेला चेहरा पाहून दयाही आली, पण राग काही उतरला नाही.

"मॅडम, नोंदीत शून्य आहे," तो म्हणाला. "मी नोंद पाहूनच सही केली."

बाईंनी गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्यापुढे धरली. "आता पाणी पाहून कर."

त्याने ती घेतली नाही. धक्क्यावर वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने सांगितलं, की यामागे मोठी माणसं आहेत, परवानगी मागे घेतली तर बदली ठरलेली.

"हे पक्षी हिमालय ओलांडून आले रे," बाई मंडपापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. "तू फार तर गडचिरोलीले जाशील."

मंडपात कुणीतरी फिस्सकन हसलं. सुमंतचे कान लाल झाले. त्याने दुर्बीण घेतली आणि पलीकडच्या पाण्याकडे लावली. रुपराव मध्ये मध्ये काहीबाही बोलत होते, पण त्याने दुर्बीण खाली घेतली नाही.

"आहेत," शेवटी तो म्हणाला. "रुपरावजी, हंस जाईपर्यंत मोटरबोटी बंद."

रुपरावांनी फोन काढला. आता मुंबईहूनच सांगायला लावतो, म्हणाले. लावा, सुमंत म्हणाला, पण तोवर बंदच. आणि त्याने बाईंना उतरायला हात दिला.

बाईंनी हात धरला नाही. बोलण्याचं काय, वाऱ्यावर जातं. लेखी दे, म्हणाल्या. सुमंत धक्क्यावरच मांडी घालून बसला आणि गुडघ्यावर कागद ठेवून त्याने मनाईचा आदेश लिहिला. बाईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि त्याच्याकडे परत दिला.

"तारीख घाल," त्या म्हणाल्या, आणि त्याने घालेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.