दाराबाहेरचा सूर

मित्रांनो, मी दोन शिंगांचा म्हातारा नादकाटा. मला गुडघ्यावर आपटलं की एकच सूर निघतो. जन्मभर तोच. वानाझोरच्या चर्चमध्ये गाणाऱ्या आर्मेनियन मंडळींना मी सूर देतो.

तिफ्लिसच्या एका घड्याळवाल्यानं मला घडवलं आणि चाळीस वर्षं तिथल्याच एका गायकानं, ह्रांतनं, वापरलं. ह्रांत माझा सूर खालच्या पट्टीत धरायचा, तो स्तोत्र संपेपर्यंत सोडायचा नाही. बाकीच्यांचं गाणं त्यावर चालायचं, जमिनीवर चालावं तसं.

गेल्या हिवाळ्यात ह्रांत गेला. मी कपाटात गंजत पडलो.

मग ऑगस्टात द्राक्षांना आशीर्वाद द्यायचा रविवार आला. तोवर आमच्याकडे द्राक्षाला कुणी तोंड लावत नाही. आदल्या दिवशी ह्रांतच्या लेकीनं, वार्सेनिकनं, मला शोधून रुमालानं पुसलं. पण खालचा सूर कुणालाच पेलेना.

"बाबांचं स्तोत्र यंदा राहू द्या," ती म्हणाली. तिनं मला परत रुमालात गुंडाळलं.

तेवढ्यात बाहेर आरोळी उठली, "कोबीऽऽ!" भिंती घुमल्या. तो कोबी विकणारा येफीम, डोंगरातल्या रशियन मोलोकान पंथाच्या गावचा, छातीपर्यंत दाढीवाला.

वार्सेनिक धावली. "येफीमकाका, उद्या आमचा खालचा सूर धराल?"

"पोरी, आमच्यात क्रूस नाही, मूर्ती नाही. मी तुमच्या चर्चमध्ये शिरलो तर घरची म्हातारी मला गोठ्यात झोपवेल!"

"मग बाहेर उभे राहा."

"कोबीचा वास येईल हो," एक गाणारी फणकारली.

"तुझ्या अत्तरापेक्षा बरा," वार्सेनिक म्हणाली.

रविवारी येफीम आपल्या लोकांची प्रार्थना उरकून तडक आला. टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. वार्सेनिकनं मला गुडघ्यावर आपटून त्याच्या कानाशी नेलं.

त्यानं सूर धरला. पायाखालची फरशी गुणगुणली.

आणि अर्ध्यात तो घसरला! त्याच्या गावात एका सुरावर कुणी थांबत नाही, सगळे आपापल्या वाटेनं हिंडत गातात. सकाळची प्रार्थना त्याच्या गळ्यातून उतरली नव्हती. वार्सेनिकचा हात त्याला थांबवायला उठला. तो तसाच हवेत राहिला.

आमच्या स्तोत्राखालून त्यांची प्रार्थना वाहत होती. आमचं गाणं बुडालं नाही, उलट उचललं गेलं. मेणबत्त्यांच्या ज्योती हलल्या. मला पुन्हा कुणी आपटलं नव्हतं, तरी मी तिच्या मुठीत थरथरत होतो. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

संपल्यावर येफीमनं हळूच विचारलं, "चुकलो का गं?"

"चुकलात काका. पुढच्या वर्षी असंच चुका." आशीर्वादाच्या द्राक्षांचा पहिला घोस तिनं उंबऱ्यावरून त्याच्या हातात दिला.

मित्रांनो, मला दगडावर आपटू नका, ओलाव्यात टाकू नका. आणि सूर द्याल तेव्हा आधी दाराकडे बघा. बाहेर कुणी उभा असला, तर पहिला त्याला ऐकवा.