घोडी धरणारी

सकाळचं दूध तापलं, अंगण झाडून झालं, की आत्याबाई मागच्या खोलीची कडी काढत आणि म्हणत, "चल गं, तुझी लाडकी वाट बघतेय." मग सून डोक्यावरची काळी शाल हनुवटीपर्यंत ओढून उठे. खोलीपासून तबेल्यापर्यंत, एवढाच रस्ता तिच्या वाट्याला उरला होता.

बाजाराच्या उतारावर मालाची घोडागाडी उलटली, तेव्हा गाडीवर सून आणि तिचा नवरा दोघेही होते. नवरा गाडीखाली सापडला, तो पुन्हा उठला नाही. मोडका दांडा घोडीच्या छातीत घुसला. सुनेच्या उजव्या हाताला पत्र्याने कोपरापासून मनगटापर्यंत चिरलं. पण ज्या घरातून तरणा मुलगा गेला, तिथे सुनेच्या हाताकडे कोण बघणार? तिने स्वतःही धड पाहिलं नव्हतं. नवऱ्याची आत्या, म्हणजे आत्याबाई, स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या. त्यांनी जुन्या चादरीची पट्टी फाडून बांधली आणि घराच्या रीतीप्रमाणे तिला मागच्या खोलीत बसवलं. वर्ष फिरेपर्यंत विधवेने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषाच्या नजरेस पडायचं नाही. मग तो डॉक्टर का असेना.

ही रीत मोडली ती घोडीने. अपघातानंतर ती कुणालाच अंगाला हात लावू देईना. सासऱ्यांना लाथ बसता बसता राहिली. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी सासरेच म्हणाले, "सुनेला आणा. तिच्याजवळ शांत राहते." घर चालत होतं ते त्या एका जनावरावर. म्हणून खोलीचं दार उघडलं, पण फक्त घोडीपुरतं.

आज वरचे टाके काढायचे होते. सुनेने डाव्या हाताने घोडीच्या तोंडावरची मोरकी धरली आणि तिच्या मानेला कपाळ टेकवलं. सासरे पातेलं घेऊन आले.

"पाणी उकळून निववलंय, डॉक्टर. मीठ तुम्ही सांगितलं तेवढंच."

"घरच्यांना कधी कपभर चहा करून दिला नाही यानं," आत्याबाई दारातून म्हणाल्या, "आणि घोडीसाठी बघा कसा आचारी झालाय!"

डॉक्टर हसले. त्यांनी जखम धुतली, कात्रीच्या टोकाने एकेक टाका उचलून कापला. वरच्या कडा छान जुळल्या होत्या. खाली मात्र बोटभर तोंड मुद्दाम उघडं ठेवलेलं होतं.

"हेही शिवून टाका की एकदाचं," सासरे म्हणाले.

"वरून मिटली म्हणजे बरी झाली असं नसतं, काका. आत पू कोंडला तर विष अंगभर भिनेल. तळापासून भरत येऊ दे."

"घोडी हातची जाऊ द्यायची नाही हं. काय लागेल ते सांगा, आणून देतो."

हे बोलणं सुनेच्या कानावर पडत होतं, पण भिंतीपलीकडून यावं तसं. अलीकडे सगळंच तसं येई.

डॉक्टरांनी जुनी पट्टी नाकाशी नेली आणि थबकले. पट्टी स्वच्छ होती. ते पुन्हा जखमेवर वाकले; तिथेही घाण नव्हती. "मग वास कुठून येतोय?" असं पुटपुटत त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांची नजर शालीखालून लोंबणाऱ्या उजव्या हातावर गेली.

"ताई, हात पुढे करा."

ते आपल्याशी बोलताहेत हे तिला उशिरा कळलं. बाही वर सरकवली तेव्हा हात दंडापर्यंत सुजलेला होता आणि एक लाल रेघ कोपराच्या वर चढलेली होती. डॉक्टरांनी तिची करंगळी चिमट्यात जोरात दाबली.

"कळतंय?"

"काय?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "काका, माणसांवर उपचार करण्याची मला परवानगी नाही. हिला दवाखान्यात न्या. आत्ता."

"वर्ष फिरलेलं नाही अजून." सासऱ्यांचा आवाज पडला. "पोरगा गेला आणि सून गावभर फिरतेय, असं बोलतील लोक. आत्याबाई काहीतरी लेप लावतील."

"घोडीला लेपावर ठेवलं असतं का तुम्ही?"

"घोडी म्हणजे घराची रोजी आहे, डॉक्टर."

"आणि ही?"

"ही..." सासरे अडखळले. "ही घरातलीच आहे." मग मान वळवून म्हणाले, "सूनबाई, आत जा."

तिला राग आला नाही. एवढंच स्पष्ट दिसलं, की आत गेलो तर आपण पुन्हा बाहेर येणार नाही. आणि त्याचंही आपल्याला काही वाटत नाही, हे लक्षात आल्यावर मात्र ती घाबरली. कितीतरी दिवसांनी तिला काही वाटलं होतं. तिने मोरकीचा दोर एका हाताने खुंटीला गुंडाळला.

"मी दवाखान्यात जाते, बाबा."

"गेलीस तर हे दार..." सासऱ्यांनी दाराकडे बोट केलं.

"थांब गं, अनवाणी कुठे निघालीस?" आत्याबाईंनी आपल्या चपला तिच्यापुढे सरकवल्या. मग भावाकडे वळल्या. "दादा, मी त्या खोलीत बसले तेव्हा मला दिवस गेले होते. कळा येत होत्या, ओरडत होते. सगळे म्हणाले, वर्ष फिरू दे. मूल तिथेच गेलं. आणि हिला कडी घातली ती मीच, माझ्याच हातानं." त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. "दार लावायचं तर खुशाल लाव. आम्ही दोघी बाहेर पडल्यावर लाव."

हात वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

पुढे एका दुपारी जनावरांचे डॉक्टर दवाखान्यात आले आणि खाटेशी अवघडून उभे राहिले. "घोडी पट्टी बदलू देत नाही. सासरे विचारतात, कधी येताय?"

"घोडीच्या वतीनं बरी चौकशी केली!" आत्याबाई म्हणाल्या. "हिच्या हाताचं विचारलं का त्यानं?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

सून उठून बसली. "मी येईन. त्या मुक्या जिवानं काय केलंय? पण बाबांना सांगा, पुढच्या दारानं येईन, तोंड उघडं ठेवून येईन, आणि काम झालं की आत्याबाईंकडे परत जाईन. त्यांनी खोली बघितलीय इथेच मागच्या गल्लीत. आणि मागच्या खोलीची कडी आधी काढून टाका म्हणावं. माझ्यानंतरही तिथे कुणाला बसवायचं नाही. हे कबूल असेल तरच."

डॉक्टरांनी निरोप शब्दन् शब्द पोहोचवला. सासरे तबेल्यात उलट्या बादलीवर बसले होते. घोडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. छातीवरची पट्टी मळून काळी पडली होती. रोज सकाळी सासरे पातेलं घेऊन सुनेच्या त्या हातापासून वीतभर अंतरावर उभे राहत असत.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "कुठला हात होता तो?"