नापास माल

"आई, मागे वळून बघायचं नाही हं!" चादरीपलीकडून चिरंजीव ओरडले.

"एकतीस वर्षं भिंतीकडे तोंड करून ऐकण्याचाच पगार घेतला आहे मी," मी म्हणाले. "तू सुरू कर. आणि चादर नीट खोच, उजवीकडून पाय दिसतायत तुझे."

दोन कपाटांच्या मध्ये माझीच जुनी निळी चादर ताणून बांधली होती. तिच्यापलीकडे रेकॉर्डचे यंत्र आणि सीडीचे यंत्र शेजारी शेजारी, आणि अलीकडे माझी खुर्ची. दोन्ही यंत्रांना स्पीकर तेच. सूनबाई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे परीक्षेची मांडणी तिच्याकडे होती आणि ती चोख होती. दहा चिठ्ठ्या लिहून तिने वाटीत घुसळल्या होत्या. सीडी लावायची पाळी आली तरी ती आधी रेकॉर्डवर सुई टेकवून उचलणार होती, म्हणजे सुईच्या 'ठक्' आवाजावरून मला काही कळू नये. शिवाय सीड्या माझ्याच तबकड्यांवरून उतरवलेल्या; तबकडीवरची प्रत्येक चरचर सीडीतही जशीच्या तशी. लबाडीला कुठे फट नव्हती. अशी सून मिळायला भाग्य लागते, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणालेली नाही.

कारण साधे होते. माझ्या गुडघ्यांपायी पुढच्या आठवड्यात आम्ही लिफ्ट असलेल्या घरात राहायला जाणार होतो. त्या घरात सहाशे चाळीस तबकड्या मांडता येतील अशी भिंत नव्हती. मुलाने दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी खपून त्या सगळ्या सीड्यांवर उतरवल्या होत्या आणि त्या बुटांच्या चार खोक्यांत मावल्या होत्या. तबकड्या विकायला मी नाही म्हणाले. तेव्हा जेवताना, सूनबाईसमोर, तो म्हणाला, "आई, खरं सांग, तुला फरक तरी कळतो का?"

असा प्रश्न मला कारखान्याच्या व्यवस्थापकानेही कधी विचारला नव्हता. मी ताट बाजूला सारले आणि पैज लावली. दहापैकी सात ओळखल्या, तर तबकड्या नव्या घरी येतील, मग तुम्हाला बाल्कनीत झोपावे लागले तरी बेहत्तर. सातपेक्षा कमी आल्या, तर सगळ्या जातील. 'सगळ्या' हा शब्द माझाच. जुन्या तबकड्या घेणाऱ्या ग्राहकाला रविवारी चार वाजता यायला सांगा, हेही मीच म्हणाले.

तबकड्यांच्या कारखान्यात ऐकण्याच्या खोलीत आम्ही चौघी होतो. प्रत्येकीसमोर पांढरी भिंत, एक यंत्र, एक वही आणि एक खिळा. दाबयंत्रातून निघालेल्या प्रत्येक गठ्ठ्यातील दोन तबकड्या आमच्याकडे येत. पहिल्या कड्यापासून शेवटच्या कड्यापर्यंत ऐकायचे. निर्दोष असेल तर गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर आपला नंबर घालायचा, माझा सतरा. दोष असेल तर तबकडीच्या गोल कागदावर खिळ्याने आडवी रेघ ओढायची. त्या एका रेघेने अख्खा गठ्ठा परत जाई. दाबयंत्रावरचे लोक मला 'खिळेबाई' म्हणत. मागून म्हणत, समोर म्हणण्याची प्राज्ञा नव्हती.

"पहिली," सूनबाई म्हणाली.

"रेकॉर्ड."

दुसरी सीडी, तिसरी सीडी. मी लगेच सांगत गेले. चौथ्या वेळी सांगायला थोडा उशीर झाला. एका जुन्या वाद्यवृंदाच्या तबकडीत शेवटी लोखंडी त्रिकोणाचे किणकिणणे आहे. मला ते पाठ होते. मी त्याची वाट पाहत बसले आणि गाणे संपले. किणकिण वाजून गेली होती, मला ती ऐकूच आली नाही. कानाच्या डॉक्टरने गेल्या वर्षी सांगितले होते की वरच्या पट्टीतले आवाज गेले आहेत. घरात मी ते कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते.

तरीही दहाही उत्तरे मी स्पष्ट आवाजात दिली. अंदाज करतानाही आवाज कापू द्यायचा नसतो.

सूनबाईने चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या.

"किती?" मी विचारले.

"चार."

चिरंजीव चादर सोडवत बाहेर आले. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. "अगं, चार म्हणजे तसं काही..."

"चार म्हणजे चार. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते."

"जाऊ दे गं आई, गंमत होती. निम्म्या नेऊ या. माझं टेबल काढून टाकतो मी."

"दया दाखवायची असेल तर ती टेबलावर दाखव. मी हरले आहे, आणि ते माझ्याच तोंडून ऐक. तुझी सीडी स्वच्छ आहे. तबकडीचा आवाज आतल्या कड्यांकडे जाताना फाटतो, ती धूळ धरते, उन्हात वाकते. तिचे अवगुण तू काय मला सांगणार? ते शोधण्यावर हे घर उभं राहिलं. सीडी वाईट, असं मी कधी म्हटलं नाही. मला फरक कळतो, असं म्हटलं. ते आज खोटं ठरलं."

"किती हट्टी आहेस!"

"तुझ्यात तेवढंच उतरलं नाही."

सूनबाईने हसू दाबले. मुलगा मात्र आत गेला आणि एक सीडी घेऊन आला. पांढरी, कोरी, वर काही लिहिलेले नव्हते. "ही नंतर देणार होतो. बाबांची आहे. त्यातली ती सूंसूं मी काढली."

त्याने ती लावली.

आमचे हे क्लॅरिनेट वाजवत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे, तिसऱ्या रांगेत बसून वाजवले. स्वतःची अशी एकच तबकडी निघाली. कंपनीने चाचणीपुरत्या चारशे प्रती काढायला सांगितल्या होत्या. गठ्ठा आला तेव्हा नियमाने मी तो शेजारच्या टेबलावर द्यायला हवा होता, कारण घरच्या माणसाचे काम स्वतः ऐकू नये, असा आमचा दंडक होता. मी दिला नाही. जगात सर्वांत आधी आपण ऐकावे, एवढाच लोभ. एकतीस वर्षांत मी एवढा एकच नियम मोडला.

पहिली बाजू निर्मळ होती. दुसऱ्या बाजूला, संथ भागात, प्रत्येक फेऱ्याला एक बारीक सूंसूं येत होती. मी दुसरी प्रत लावली. तीच सूंसूं. शेजारची म्हणाली, "अगं, बाजारात कुणाला कळणार आहे? घाल नंबर." मी खिळा उचलला.

गठ्ठा परत गेला. साचाच खराब निघाला होता. नव्या साच्याचा खर्च चारशे प्रतींसाठी कंपनी करणार नव्हती, आणि तिने केला नाही. त्या रात्री जेवताना मी ह्यांना सांगितले. ह्यांनी घास हातात तसाच धरून विचारले, "कुठे होता दोष?"

"दुसऱ्या बाजूला. संथ भागात."

"मग बरोबर केलंस," हे म्हणाले. "संथ भागच खरा चांगला वाजला होता."

पुढे चोवीस वर्षे हे जगले, पण तो विषय पुन्हा निघाला नाही. रेघ ओढलेली एक प्रत मी साहेबांची परवानगी घेऊन घरी आणली होती. उरलेल्यांचे काय झाले, ते फक्त मला ठाऊक होते. आमच्याकडे नापास माल फेकत नसत. मधला कागद कापून तबकड्या दळत आणि तो भुगा नव्या मालात मिसळून पुन्हा दाबयंत्राला लावत. दळणखात्यातला म्हातारा पोत्यांवर खडूने खुणा करी. मी त्याला गाठून विचारले की ही पोती कुठे गेली. त्याने डोके खाजवून सांगितले: शाळांच्या कवायतीची तबकडी, टायपिंगचे धडे, लघुलेखनाचा सराव आणि पाळीव पोपटाला बोलायला शिकवण्याची एक तबकडी. चौथा हिस्सा भुगा, बाकी नवा माल. त्या चारही मी दुकानातून विकत घेतल्या. आमच्याकडे पोपट नव्हता. ह्यांनी कपाटात त्या पाहिल्या आणि काही विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते.

सीडी संपली. संथ भाग आरपार निर्मळ होता. माझ्या उरल्यासुरल्या कानांनीही तेवढे सांगता येत होते.

"पेन दे," मी म्हणाले.

सीडीच्या पांढऱ्या अंगावर मी सतरा आकडा घातला. मुलगा त्या आकड्याकडे बघत राहिला. त्याचा अर्थ त्याला लहानपणापासून माहीत होता. नाक ओढत तो खिडकी लावायला गेला. ती आधीच लावलेली होती.

ग्राहक बरोबर चार वाजता आला. सडपातळ, पन्नाशीचा, हातात पांढरे हातमोजे. तबकडी कडेने धरत होता, त्यामुळे मी त्याला बसायला सांगितले. एकेक खण तो उतरवत गेला, आणि प्रत्येक तबकडी उजेडात तिरकी धरून पाहत गेला. तपासणारा माणूस मला लांबूनही ओळखू येतो.

वरचे पाच खण सुखाने गेले. सर्वांत खालच्या खणात त्या चार होत्या. मी 'सगळ्या' म्हणाले होते, 'चार सोडून' म्हणाले नव्हते. तासाभरापूर्वी मुलगा निम्म्या नव्या घरी न्यायला तयार होता तेव्हा मी नाक वर केले होते. आता चारांसाठी पदर पसरायचा? मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

त्या चारांच्या आधी त्याच्या हाताला ह्यांची तबकडी लागली. रेघ पाहून तो थबकला. "मावशी, ही कारखान्यातली नापास प्रत ना? बाजारात आलीच नव्हती ही! हिचे वेगळे पैसे देतो. तुम्ही म्हणाल तेवढे."

"ती विकायची नाही."

"अहो, पण तुमचे चिरंजीव फोनवर म्हणाले, सगळ्या..."

"सगळा पास झालेला माल. नापास माल दाराबाहेर जात नाही. हा कारखान्याचा नियम आहे."

"कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली, मावशी."

"कारखाना बंद झाला. मी नाही."

त्याने हातमोज्याच्या दोन बोटांनी तबकडी खोळीत सरकवली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. माणूस जाणकार होता.

मग तो खालच्या खणाशी उकिडवा बसला. कवायत. टायपिंग. लघुलेखन. पोपट. चारही त्याने उलटसुलट करून पाहिल्या आणि जमिनीवर बाजूला सारल्या. "ह्या राहू द्या, मावशी. ह्या कुणी फुकटही नेणार नाही. रद्दीत टाका."

"नापास?" मी विचारले.

"नापास," तो हसून म्हणाला.

हा शेरा मला जन्मात पहिल्यांदा गोड लागला. मी त्याला चहा दिल्याशिवाय जाऊ दिले नाही.

खोकी खाली गेली, गाडी गेली. फळ्यांवर तबकड्यांच्या जागी धुळीच्या रेघा उरल्या. मुलगा त्या पुसू लागला आणि सूनबाईने जमिनीवरची कवायतीची तबकडी उचलली.

"आई, ही हो कशाला घेतली होती तुम्ही? आणि टायपिंग तर तुम्हाला येतही नाही."

तेव्हा मी सांगितले. पोती, खडूच्या खुणा, दळणखात्यातला म्हातारा, सगळे. मुलगा फडके हातात घेऊन जमिनीवरच बसला.

"म्हणजे बाबा यात..."

"चौथा हिस्सा."

"पण ऐकू तर नाही येणार, आई."

"येतील असं मी म्हटलं का? आवाज तू उतरवलास, आणि चांगला उतरवलास. मी त्यावर नंबरही घातला. पण हे काही तुझ्या सीडीत उतरत नाही. ह्या चार आणि ती एक, पाच जणींना नव्या घरात जागा लागेल. कुठे, ते तू बघ."

"माझ्या टेबलावर," तो म्हणाला.

"टेबल काढणार होतास ना?"

"आई!"

"बरं. लाव ती."

सूनबाईने तबकडी पुसून चढवली. थोडी चरचर झाली आणि एक खणखणीत, रागीट पुरुषी आवाज रिकाम्या खोलीभर घुमला: "सावधान! हात बाजूने वर! एक... दोन... तीन... चार!"

सूनबाईचा उजवा खांदा सहा महिने धरलेला आहे. तिने डावा हात वर नेला, मग डाव्याने उजव्याचे कोपर धरून तोही वर नेला, दात आवळून. मुलगा आधी हसला. मग फडके बाजूला ठेवून उभा राहिला आणि त्यानेही हात वर केले. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेला, धुळीने माखलेला.

"कोपरं सरळ," मी म्हणाले.

खुर्चीत मी ताठ बसून ऐकत होते. तिसऱ्या मिनिटाला प्रत्येक फेऱ्यासरशी एक बारीक टकटक येऊ लागली. ती मला स्वच्छ ऐकू आली. माझा उजवा हात सवयीने खुर्चीशेजारच्या टेबलावर खिळा शोधू लागला. मी तो हात उचलून मांडीवरच्या ह्यांच्या तबकडीवर ठेवला आणि बाजू पुरी होऊ दिली.