माझ्याभोवतीचा लाल गोल

मी कोयता बोलतोय. दचकलात ना? हल्ली सगळेच दचकतात. पूर्वी आमच्या केज तालुक्यात माझं नाव घेतलं की लोकांना ऊस आठवायचा, आता टीव्ही आठवतो. आलाच आहात तर घटकाभर टेका आणि माझं ऐकून घ्या.

माझा जन्म नांदूरघाटच्या बाजारात झाला. बंकट लोहारानं एका भंगारातल्या ट्रकचा पाटा तोडून मला घडवलं. भट्टीत तापून लाल झालो, ऐरणीवर मार खाल्ला, पाण्यात चुरचुरलो, मग बाभळीची मूठ बसली. बंकटनं माझी धार अंगठ्यानं अलगद चाचपली आणि समोर उकिडव्या बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "सटवा, म्हातारपणापस्तोर पुरंल ह्यो तुला. निस्ता वल्ला ठिवू नको, पुसत जा."

सटवा माझा धनी. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं दणकट, ओठावर जाडजूड मिशी आणि डोळे कायम तांबारलेले. अनोळखी माणसाला वाटावं, हा आत्ता कुणाच्या तरी अंगावर धावून जाणार. प्रत्यक्षात घरात पाल निघाली तरी हा बायकोला हाक मारतो. त्याची बायको कडूबाई झाडू घेऊन येते आणि पालीला बाहेर काढते. मग सटवा विचारतो, "गेली का?"

दरवर्षी दिवाळी झाली की ही दोघं ऊसतोडीला कारखान्यावर जातात. आमच्याकडं तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, "किती कोयते?" असं विचारतो. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधायची. सांगायचं एवढंच, की या भागात माझं नाव संसाराला दिलेलं आहे. मला त्याचा अभिमान होता आणि अजूनही आहे.

इतरांच्या घरी जवान माणसं तोडीला जातात आणि म्हातारी मागं राहतात. आमच्याकडं उलटं होतं. सटवाचा मुलगा नाथा मांजरसुंब्याला एका धाब्यावर कामाला आहे, त्यामुळं तो, सून आणि पाच वर्षांची नात राजश्री गावी राहतात. राजश्रीला घरात राजी म्हणतात. सहा महिने ती आजोबाच्या वाटेकडं डोळे लावून बसायची आणि तो आला की पुढचे सहा महिने त्याच्या गुडघ्याला चिकटून असायची. संध्याकाळी अंगणात सटवा माझ्याकडून ऊस सोलून घ्यायचा, गंडेऱ्या पाडायचा आणि तिच्या ओंजळीत टाकायचा. मला ती कोयतूमामा म्हणायची. लोखंडाच्या वस्तूला याहून मोठा मान कुठला मिळणार?

यंदा पोळा झाला त्या आठवड्यात सटवा नाथाला भेटायला धाब्यावर गेला होता. सोबत शेजारच्या मळ्यातला ऊस होता आणि मीही होतो. तिथं सिनेमाचं शूटिंग चाललेलं. ते करणारा रुद्रेश म्हणजे युसूफ वडगाव या गावच्या धोंडप्पा शेटचा मुलगा. बापाचं कापडाचं दुकान सोडून पुण्याला सिनेमा शिकायला गेला होता. त्यानं आणलेल्या नटाला कोयता धरता येत नव्हता आणि कोयताही प्लॅस्टिकचा होता. माझा तो भाऊबंद पाहून मला हसू आवरेना.

रुद्रेशनं सटवाची मिशी पाहिली आणि धावतच आला. "काका, एवढं काम कराच. बोलायचं काही नाही. फक्त कोयता घेऊन उभं राहायचं."

"मारायचं हाय का कुनाला?" सटवानं विचारलं. "मला तसलं जमत न्हाई."

"नाही काका. हा सिनेमा खुनाचा नाहीच. खुनाच्या बातम्या विकणाऱ्यांचा आहे. तुम्ही धाब्यावर ऊस सोलताय. तुमच्यामागं एक माणूस पाय घसरून पडतो आणि मरतो. टीव्हीवाले येतात आणि तुम्हालाच खुनी ठरवतात. वर म्हणतात, रक्त कमी दिसतंय, जरा वाढवा."

सगळे हसले. सटवा हसला नाही. "आसं करत्यात व्हय?" एवढंच म्हणाला.

मग त्या 'जरा वाढवा'च्या प्रसंगासाठी माझ्यावर रक्त आलं. गुळाचा पाक, त्यात बीट आणि कसला तरी लाल रंग. ज्या उसाला मी जन्मभर तोडलं त्याचाच गूळ रक्त होऊन माझ्या पात्यावरून ओघळत होता. चिकट चिकट झालो आणि थोड्याच वेळात मुंग्या लागल्या. विलास नावाचा बीडचा नाटकवाला मुलगा मयत होऊन धुळीत पडला. सटवा मला हातात धरून त्याच्याजवळ उभा राहिला.

त्याच वेळी रस्त्यावर एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून मोबाइल काढला, अठरा सेकंदांचं चित्रण केलं आणि निघून गेला. एकोणिसाव्या सेकंदाला रुद्रेश "कट" म्हणाला, मयत उठून बसला, अंगावरची धूळ झटकली आणि ओरडला, "चहा सांगा बे कुनीतरी!" माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं ते त्या एका सेकंदानं. ड्रायव्हर आणखी जरा थांबला असता तर मी आज तुमच्याशी बोलत बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी ते चित्रण एका वाहिनीवर लागलं. वाहिनीचं नाव मी घेत नाही, त्यांना फुकटची जाहिरात कशाला? 'भरदिवसा कोयत्याचा थरार' अशी पाटी, मागं ढोल बडवल्यासारखं संगीत, आणि माझ्याभोवती एक लाल गोल. तो गोल लहान व्हायचा, मोठा व्हायचा, परत लहान व्हायचा. एक बाई घसा फोडून विचारत होती, "कोण आहे हा नराधम?" एका तज्ज्ञानं माझी लांबी दोन फूट सांगितली. मी मुठीसकट सव्वा फूट आहे. खोटं बोलायचं तर निदान मोजून तरी बोलावं.

हवालदार अर्जुनराव जीपमधून धाब्यावर पोचले. "मयत कुठाय?" त्यांनी नाथाला विचारलं. नाथा म्हणाला, "आत पोहे खातोय, सायेब." मग ते आमच्या घरी आले. मला उलटंसुलटं करून पाहिलं, मुठीच्या सांध्यातली एक मुंगी फुंकरीनं उडवली, चहा घेतला आणि गेले. पोलिसांच्या लेखी प्रकरण तिथं मिटलं. वाहिनीनं मात्र दुसऱ्या दिवशी 'थरारामागचं सत्य' नावाचा कार्यक्रम केला आणि त्यात तेच अठरा सेकंद पुन्हा दिवसभर दाखवले.

गावानं दोन दिवस सटवाची चेष्टा केली. "आलं बघा नराधम," असं म्हणून पारावरची माणसं त्याला तंबाखू द्यायची. तोही हसायचा. त्याच्या घरात काय झालं होतं ते कुणाला माहीत नव्हतं.

शेजारणीनं राजीला मोबाइल दाखवला होता. वाईट मनानं नव्हे. "बग, तुजा आबा टीव्हीवर आलाय," म्हणून कौतुकानं दाखवला. राजीनं पाहिलं. आबा, आबाच्या हातात कोयतूमामा, मामाच्या अंगावरून गळणारं रक्त, आणि खाली पडलेला माणूस. संध्याकाळी सटवानं अंगणात ऊस घेतला, मला घेतलं आणि हाक मारली. राजी आली नाही. ती कडूबाईच्या पदराआड उभी होती. सटवा उठून जवळ गेला तशी ती किंचाळली.

"कावून भितीस गं? मी हाय की, आबा," तो म्हणाला.

मुठीत पदर घट्ट धरून ती माझ्याकडं बघत होती. मला त्या क्षणी गंजून, झडून जावंसं वाटलं.

रुद्रेशला कळलं तसा तो मोटारसायकलवरून आला. त्याच्याकडं पूर्ण चित्रण होतं. राजीला आजीच्या मांडीवर बसवून त्यानं सगळं दाखवलं. मेलेला माणूस उठतो, धूळ झटकतो, चहा मागतो. राजीनं नीट पाहिलं. मग विचारलं, "मग आबानी त्याला परत मारलं का?"

रुद्रेशचा चेहरा पडला. मोबाइल खिशात घालून तो सटवाकडं वळला. "काका," तो म्हणाला, "त्यांच्यावर हसायला गेलो आणि तुम्हाला खड्ड्यात घातलं."

"तू कशापायी वाईट वाटून घेतू?" सटवा म्हणाला. "तू काय वंगाळ केलं न्हाईस." त्यानं पोराच्या पाठीवरून हात फिरवला. मला माझ्या धन्याचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.

दिवस भराभर जात होते. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येणार होता आणि सटवा-कडूबाई सहा महिन्यांसाठी जाणार होते. कडूबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "आसंच सोडून गेलो तर ल्येकराच्या मनात तेच ऱ्हाईल. परत येऊस्तोवर तुमी तिला राकीस वाटताल." सटवा ऐकून घ्यायचा. एक दिवस तो उठला, गावात गेला आणि तीस वर्षांची मिशी काढून आला. त्याला वाटलं, मिशीलाच पोर भीत असेल. राजीनं तो कोरा चेहरा पाहिला आणि आणखी मोठ्यानं भोकाड पसरलं, कारण आता तर तो आबाही राहिला नव्हता. कडूबाईला हसू आलं आणि हसता हसताच ती रडायला लागली.

ट्रॅक्टर यायला दोन दिवस उरले होते. संध्याकाळी सटवा अंगणात ऊस घेऊन बसला. मी दाराआतल्या खुंटीला होतो, तिथून अंगण दिसतं. त्यानं मला मागितलं नाही. ऊस गुडघ्यावर मोडला आणि दातानं सोलायला लागला. त्याची एक दाढ पडलेली, बाकीचे दात तंबाखूनं खिळखिळे. साल काही केल्या सुटेना.

"कोयता घ्या की," कडूबाई आतून म्हणाली.

"न्हाई."

त्यानं जोर लावला. उसाची साल सर्रकन ओठावरून गेली. उसाच्या सालीला धार असते, ती माझ्याही धारेला लाजवते. ओठ चिरला, आणि मिशी नव्हती म्हणून रक्त सरळ हनुवटीवर आलं आणि सदऱ्यावर ठिपकलं. सटवानं उलट्या हातानं पुसलं आणि पुन्हा ऊस तोंडाशी नेला. एक कांडं सोललं, ते हाताच्या अंतरावर जमिनीवर मांडलेल्या ताटलीत ठेवलं, आणि तोंड दुसरीकडं फिरवून बसला, म्हणजे पोरीला त्याच्याकडं बघावं लागू नये.

राजी उंबऱ्यावर उभी होती. ताटलीकडं तिचं लक्षच नव्हतं. ती त्याच्या सदऱ्यावरच्या ठिपक्याकडं बघत होती. मग ती वळली, माझ्या खुंटीखालून गेली आणि चुलीजवळच्या डब्यात हात घालून परत आली. तिच्या मुठीत हळद होती. निम्मी वाटेत सांडली.

ती सटवाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आबा, हे रगत खरं हाय का?"

"खरं हाय."

"दुकतंय?"

सटवानं मान हलवली. राजीनं त्याच्या ओठावर हळद दाबली, इतक्या जोरात की तो कळवळला, आणि मग तिनं गाल फुगवून फुंकर घातली. दाराआड कडूबाई पिठाचे हात तसेच घेऊन उभी होती. ज्या माणसाला गुळाच्या रक्तामुळं पोर भ्यालं, त्याच्याच खऱ्या रक्ताला ते धावून आलं. माणसांचं मला फारसं कळत नाही, पण एवढं कळलं की मुलांना रक्ताची भीती नसते. रक्तापाशी कुणी धावून येत नाही, सगळे नुसते बघत उभे राहतात, ते बघून ती भितात.

रात्रीचं जेवण राजीनं आबाच्या ताटात केलं. झोपायला जाताना मात्र ती खुंटीपाशी थांबली, माझ्याकडं पाहिलं आणि भिंतीला अंग घासत, मला टाळून पलीकडं गेली. सटवानं ते पाहिलं. मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो नांदूरघाटला जाऊन बंकटकडून नवा कोयता घेऊन आला. मला त्यानं खुंटीवरून काढलं, तेलाचा बोळा फिरवला, पात्यापासून मुठीपर्यंत पोत्यात गुंडाळलं आणि पत्र्याखाली आढ्याला खोचलं. खोचताना त्याचा हात माझ्यावर जरा जास्तच वेळ रेंगाळला. "नाराज हू नको गड्या," असं हळूच म्हणाला. लोखंडाशी कुणी बोलतं का? माझा धनी बोलतो.

परवा ट्रॅक्टर गेला. पोत्यातून मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. राजी मोठ्यानं ओरडत होती, "आबा, लवकर या." ती रडत होती, पण ते रडणं मागच्या सगळ्या वर्षांसारखं होतं, जीव लावलेल्या पोराचं. ते ऐकायला मिळालं यात मला सगळं मिळालं.

आता मी इथं अंधारात आहे. गंज हळूहळू चढेल. तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्या मोबाइलवर कुणाभोवती लाल गोल आला, तर नावं ठेवण्याआधी एकोणिसाव्या सेकंदापर्यंत थांबा. एवढं थांबायला काही लागत नाही.

मला कुणाबद्दल राग नाही. त्या पोरीच्या मनात जी भीती बसली ती कुणाच्या तरी नावावर राहणारच होती. आजोबाच्या नावावर राहिली असती तर त्या माणसाला पेललं नसतं. माझ्या नावावर राहू द्या. मी लोखंडाचा आहे.