दरीतल्या वेलीचं एकच फूल

प्रमोदिनीबाई अमरावतीच्या मुलींच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवीत. सुट्टीत भावाकडे परतवाड्याला आल्या, की त्यांचे पाय चिखलदऱ्याच्या वाटेवरच्या रानाकडे वळत. तिथल्या एका दरीत, करवंदीच्या जाळीत, त्यांना दोऱ्यासारखी बारीक वेल दिसली. अशी वेल वऱ्हाडात त्यांनी कधी पाहिली नव्हती. पान नागपूरला आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे पाठवलं. उत्तर आलं: ‘फूल पाठवा. त्याशिवाय नाव सांगता येणार नाही.’

भादव्यात त्या पुन्हा निघाल्या. सोबतीला भावाची शेजारीण, भाजीपाला पिकवणारी पार्बताबाई होती. दरीत पोचल्या तर जागोजागी खड्डे. खायच्या कंदासाठी कुणीतरी वेली उपटून नेल्या होत्या. जाळीच्या आत एकच उरली होती, आणि तिला एकच फूल, इवल्याशा कंदिलासारखं.

प्रमोदिनीबाईंनी कात्री काढली. मग हात तसाच थांबला.

“काहून थांबल्या बाई? तोडा ना.”

“तोडलं तर बी धरणार नाही, पार्बताबाई. ही वेल गेली की संपलंच.”

“अवं, याच्यासाठीच तं पाय तोडत आलो आपण! आता रिकाम्या हातानं जाता?”

बाईंनाही ते फूल हवंच होतं. वेल शास्त्राला नवी निघाली तर तिच्या नावापुढे आपलं नाव लागेल, ही आशा त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. शेवटी कात्री पिशवीत टाकून त्यांनी फुलाचं चित्र काढलं.

चित्र सुरेख आहे, पण तो पुरावा नव्हे, असं प्राध्यापकांनी कळवलं. बाईंनी ते पत्र घडी करून पुस्तकात ठेवून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र वेलीला त्या एकाच फुलाच्या, शिंगांसारख्या दोन जुळ्या शेंगा लोंबत होत्या. उकलल्या की बी वाऱ्यावर उडून जाणार, म्हणून बाईंनी त्यांवर मलमलचं फडकं बांधलं. शेंगा वाळल्यावर फडक्यात रेशमी शेंड्यांचं बी सापडलं. अर्धं त्यांनी दरीतच दूरदूरच्या जाळ्यांत टाकलं, अर्धं पार्बताबाईच्या कुंपणाशी पेरलं.

“वांग्याले पानी देतो तसं याले बी देईन,” पार्बताबाई म्हणाली.

तिनं दिलंही. दुसऱ्या वर्षी कुंपणावर बरीच फुलं आली, तेव्हा बाईंनी एक खुशाल तोडून पाठवलं.

वेल नवी नव्हती. सह्याद्रीत ती सापडते आणि तिला नावही केव्हाच मिळालेलं आहे. वऱ्हाडात मात्र ती आहे हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं, असं प्राध्यापकांनी लिहिलं.

बाईंना क्षणभर वाईट वाटलं. मग हसू आलं.

“काय नाव निंगालं?” पार्बताबाईनं विचारलं.

बाईंनी ते लांबलचक नाव सांगितलं. पार्बताबाईनं एकदा म्हणून पाहिलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि दोघी कुंपणाशी जाऊन यंदाच्या शेंगा पाहू लागल्या.