मूळचं किती उरलं

मास्तराने चाकांना जोडणारा लोखंडी दांडा चिंधीने पुसला, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा वाकून पाहिलं. दांड्यावर ठोकलेला नंबर वेगळाच होता.

"फिटरकाका, हा दुसऱ्याच इंजिनाचा दांडा आहे."

"असणारच," संग्रहालयाचा म्हातारा फिटर म्हणाला. "बॉयलरही दुसऱ्याचा. कारखान्यात चार इंजिनं दुरुस्तीला आली की ज्याचं जे तयार असेल ते दुसऱ्याला बसवायचं आणि गाडी रुळावर काढायची. पाटी तेवढी तीच."

मास्तर पार गोंधळला. वडिलांनी आयुष्यभर चालवलेलं इंजिन भंगारात जाऊ नये म्हणून त्याने किती उंबरे झिजवले होते. आता थोड्याच वेळात उद्घाटनाची शिटी वाजणार आणि हे माझ्या वडिलांचं इंजिन, असं त्याने माइकवर सांगायचं. पण हे होतं तरी कोणाचं? खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

मावशी बाकावर बसून थर्मासमधला चहा ओतत होती. आई गेल्यावर वर्षभरात वडिलांनी हिच्याशी लग्न केलं, तेव्हा तो दुसरीत होता. 'आई म्हण' असं तिने कधी सांगितलं नाही. मावशी म्हणायची सवय लागली ती लागलीच.

"मावशी, यात मूळचं काहीच उरलं नाही गं. नुसती पाटी लावली म्हणून हे बाबांचं कसं होईल?"

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, आपण काहीतरी भलतंच बोललो. काय ते मात्र उमगेना.

कप बाकावर ठेवून ती फिटरकडे वळली.

"बॉयलर बदलला हे त्यांना कळलं नसेल?"

"पहिल्याच दिवशी कळलं असेल," फिटर म्हणाला. "नव्या बॉयलरची तब्येत निराळी. ड्रायव्हरला सगळं पहिल्यापासून जुळवून घ्यावं लागतं."

"घरी येऊन एका शब्दाने बोलले नाहीत. माझं इंजिन, माझं इंजिनच म्हणत राहिले." तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "आणि गाडी ओढली ना याने? मग झालं तर."

ती इंजिनाविषयीच बोलत होती का? त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात शिटी वाजवायला बोलावणं आलं. हा मान त्याचा होता. त्याने मावशीला पुढे केलं. उंच लोखंडी पायरीवर तिचा पाय अडखळला.

"आई, गज धर," तो म्हणाला.

तिने वळून पाहिलं नाही. गज तेवढा दोन्ही हातांनी घट्ट धरला.